भोईवाड्याच्या गॅलरीतली तिळवण

गणपती तोंडावर आलेले असताना कुडाळच्या स्टँडवर उभं राहून मुंबईची एसटी कुठे लागते असं विचारलं, की लोक आपल्याकडे कसे बघतात हे मी आता खात्रीने सांगू शकते. सगळी मुंबई त्या दिवसांत कोकणात उतरत असते. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या टपावर ट्रंका, मखरं, पंखे. आणि आमची गाडी रिकामी. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता दोनदा विचारलं, "बाये, मुंबयच ना? सणाक?" मी म्हटलं, "सणाकच." त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुढे निघून गेला. वाटेत घाटात समोरच्या गाडीतली माणसं आम्हाला हात करत होती, जणू आम्ही काही विसरलेलं आणायला परत निघालो होतो.

माझं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हतं. आमच्या माहेरी गौर मातीची नसते, झाडांची असते. तेरडा, आघाडा, हळदीचं पान अशी पेंडी बांधायची, तिला पितळी मुखवटा लावायचा, झाली गौर. मुखवटे दोन, थोरलीचा आणि धाकटीचा. आणि पेंडीत आमच्या घराण्याची म्हणून एक काडी हवीच, ती पिवळ्या तिळवणीची, फुलासकट, आणि तीसुद्धा स्वतःच्या दारातली. तिळवण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढं रानटी झाड, अंगभर चिकट लव, हात लावला की बोटांना उग्र वास. फूल मात्र चार पाकळ्यांचं, पिवळंधमक, आणि त्यामागे मोहरीसारख्या लांब शेंगा ताठ उभ्या. आहेच ती मोहरीच्या गणगोतातली. आमच्याकडे बी फोडणीतही टाकतात. गावी ती पायरीपाशी आपोआप उगवते. तिची काळजी घ्यावी लागते असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी आंब्याची कलमं बांधते, आणि माझ्या हाताला झाड लागतं हे तालुक्याला माहीत आहे.

संपाच्या पहिल्या वर्षी गिरण्या बंद पडल्या आणि माझा मधला भाऊ आणि वहिनी गणपतीला गावी आले नाहीत. चाळीतले किती तरी लोक तेव्हा बोजा बांधून गावाकडे निघाले, पण सुमनवहिनीने परळ सोडलं नाही. खोलीत खानावळ घातली, जे राहिले त्यांना जेवू घातलं. नंतर एकदा गावी आली ती धाकट्या गौरीचा मुखवटा पदराखाली घेऊन परत गेली. म्हणाली, मला सणाला यायला जमत नाही, तर गौरीने माझ्याकडे यावं. थोरल्या दादाने तेव्हा काही म्हटलं नाही. पण दोनतीन वर्षांनी त्याला कळलं की पेंडीतली तिळवण वहिनी चाळीमागच्या गिरणीच्या भिंतीखालून तोडते, आणि तो बिथरला.

"परक्या भिंतीवरली तिळवण, आणि धा बाय बाराची खोली," दादा म्हणाला. "गौर घरात बसता, खोलीत न्हय. ह्या वर्साक तू जा. तिच्या दारात तिळवण फुलली तर मुखवटो थंयच ऱ्हवांदे, मी परत तोंडातून शब्द काढूचंय नाय. नाय फुलली तर येताना घेवन ये."

मलाच का पाठवलं, तर गावी गौर आणायचा मान माहेरवाशिणीचा, म्हणजे माझा; यंदा गावी दादाची नवखी सून ते निभावणार होती. शिवाय मला खोटं बोलता येत नाही हे दादाला ठाऊक आहे. वहिनीनेही एका जाणाऱ्यायेणाऱ्याबरोबर निरोप धाडला होता, "वन्सं, यंदा माझी गौर तुम्ही आणा." म्हणजे मी एकाच वेळी पाहुणी होते आणि पंचही होते. हे मला फारसं आवडलेलं नव्हतं.

परळ

भोईवाड्यातली ती चाळ मी पूर्वी पाहिली होती, पण तेव्हा गिरणीचा भोंगा होता. आता भोंग्याच्या वेळेला माणसं उगीचच दारात येऊन उभी राहतात असं मला वाटलं. धुराडं कोरडं उभं. भावाने दादरच्या एका दुकानात माल बांधायचं काम धरलं होतं. चार मागांवर एकटा उभा राहणारा माणूस, आता सुतळीच्या गाठी मारतो. त्याने माझी पिशवी घेतली, जिन्यावर पुढे झाला आणि म्हणाला, "झाड बघ आधी. मगे च्या."

झाड बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. गॅलरीच्या कठड्यापाशी, तुळशीच्या कुंडीला लागून पत्र्याचा मोठा डबा, आणि त्यात तिळवणीची तीन झाडं. गावच्या पायरीपाशी असते तिच्या दुप्पट पानं, खोड अंगठ्याएवढं, रंग काळपट हिरवा. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तर मला लाजवलंत. ती हसली आणि पदराला हात पुसत सगळी कथा सांगू लागली. दादा बिथरल्याचं कळल्यावर तिने गिरणीच्या भिंतीखालून बी आणलं होतं. दिवाळीनंतर ताजं बी पेरलं तर एकही उगवलं नाही. मग उरलेलं बी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून चुलीवरच्या फळीवर उन्हाळाभर ठेवलं, आणि पाऊस लागल्यावर पेरलं तर केसांसारखं दाट आलं. त्यातली तीन ठेवली, बाकीची उपटली.

"उपटताना जीवावर इला वन्सं," ती म्हणाली. "पण तुमी रोपां विरळ करतास तां बघितला होता मी."

माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे पदरच, पण समजून घ्या. चहा पिता पिता मी पुन्हा झाडाकडे पाहिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यावर फूल नव्हतंच, कळीसुद्धा नव्हती. गावी या दिवसांत तिळवण खालपासून शेंगांनी भरलेली असते. गौर यायला आठवडाभर उरला होता.

"खत काय घालतास?" मी विचारलं.

"हिराबाय देता ता."

हिराबाय म्हणजे कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण. पाटी घेऊन ती पार परळपर्यंत यायची, वहिनीच्या खानावळीला मासळी घालायची, आणि संपाच्या दिवसांत कित्येकदा पाटीतलं उरलंसुरलं तसंच ठेवून जायची. झाड लावलं म्हटल्यावर तिने सुक्या मासळीचा चुरा आणून दिला. कोकणात आपण माडाला घालतो तोच. वहिनीने तो मुठीने घातला होता. माडाला चालतं ते तिळवणीला चालत नाही हे मला त्या काळपट पानांकडे बघून कळायला हवं होतं. उपाशी राहायची सवय असलेल्या झाडाला रोज पंगत मिळाली तर ते फुलायच्या भानगडीत कशाला पडेल. मी वरची माती खरवडून काढली, भावाने चाळीच्या दुरुस्तीतून उरलेल्या विटांचा चुरा आणला तो घातला, आणि पाणी बंद केलं.

रात्री झोपताना मला वाटलं, झालं, आजार कळला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सकाळी वहिनी न्हाऊन तुळशीपाशी आली. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, मग बोटांच्या चिमटीने तुळशीच्या मंजिऱ्या खुडू लागली. आपण सगळ्याच खुडतो. मंजिरी राहिली तर तुळस म्हातारी होते, खुडली तर फुटवे फुटतात. मी दारात बसून भाकरीचं पीठ मळत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा तोच हात, तीच चिमटी, तितक्याच मायेने शेजारच्या तिळवणीवर गेली आणि शेंड्याची तीन कोवळी टोकं खुडून घेतली.

"वहिनी, काय करतास ह्या?"

"मंजिऱ्या खुडतंय. दाट व्हता झाड."

"कधीपासून?"

"लावल्यापासून. रोज. एक दीस चुकूक नाय."

तिने अगदी अभिमानाने सांगितलं. मी पिठाचे हात घेऊन तशीच उठले, तिच्या मुठीतली टोकं सोडवून घेतली आणि तळहातावर उलगडून दाखवली. त्यात मोहरीहून बारीक, हिरवट पिवळ्या कळ्यांचा झुपका होता. तिने तो बघितला. मग खाली बसली, भिंतीला पाठ लावून. तुळशीत वाढलेली बाई तुळशीसारखंच करणार, त्यात तिचं काय चुकलं? गिरणीच्या भिंतीखालची तिळवण तिने कधी खुडली नव्हती म्हणून ती फुलत होती. जी दारात आणली, जिची माया केली, तिच्याच कळ्या ती रोज देवाचं नाव घेत मोडत होती.

मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. मी म्हटलं, आता कुणी हात लावायचा नाही. झाडाला सांगायचं, बाई, आमची चूक झाली, तू तुझं बघ.

वहिनी म्हणाली, "आणि नाय बघितला तर?"



ऊन मागायला

पाणी बंद, खुडणं बंद, उरलं ऊन. चाळीच्या गॅलरीत ऊन कुणाच्या मालकीचं नसतं, आणि म्हणूनच ते मिळत नाही. सकाळी ऊन कठड्यावर यायच्या आत सगळ्या मजल्याची लुगडी, चादरी, धोतरं तिथे लटकलेली. पावसाळ्यात उन्हाची एक तिरीप म्हणजे कपडे वाळवायची संधी. गावी मला अंगण आहे. ऊन मागायला मी आयुष्यात कुणाच्या दारात गेले नव्हते. वहिनीला लाज वाटत होती, म्हणून मीच गेले.

पहिलं दार शेवंताबाईचं. साताऱ्याकडच्या. नवरा त्याच गिरणीत सूत खात्यात होता. त्यांच्याकडे गौर म्हणजे उभी, साडी नेसलेली, दागिने घातलेली, पुढे फराळाची ताटं.

"तुमची गवर म्हंजी गवताची पेंढी," त्या म्हणाल्या, "तिला कशापायी एवढं कवतिक?"

मी म्हटलं, तुमच्या गौरीला साडी नेसवावी लागते, आमची नेसूनच येते. त्या खळखळून हसल्या. मग मी खरं कारण सांगितलं. दादाची अट, मुखवटा, सगळं. त्यांचं हसू थांबलं.

"म्हंजी सुमनचं घर न्हाई म्हनतोय तुजा भाऊ?"

"तसंच म्हणतो."

"संपात आमच्यातली निम्मी मानसं हिच्या चुलीवर जेवली. आन् हिला घर न्हाई?" त्या उठल्या, कठड्यावरची आपली दोन लुगडी ओढून खांद्यावर टाकली आणि पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवली. मला नंतर कुठेच जावं लागलं नाही. दुपारपर्यंत आमच्या बाजूचा अख्खा कठडा मोकळा झाला होता आणि लोक आपले ओले कपडे मागच्या बोळात, जिन्यात, खोलीत दोऱ्या बांधून वाळवत होते. दमट वास सगळीकडे. पण तिळवणीच्या डब्यावर सकाळभर ऊन पडलं. मी कलमं बांधते तेव्हा गिऱ्हाईक माझं कौतुक करतं, त्याची मला सवय आहे. पण त्या मोकळ्या कठड्याकडे बघून मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या कुठल्याच आंब्याचा वाटला नव्हता.

दादर

वाट बघणं हे काही मला जमणारं काम नाही, म्हणून मी दादरच्या फुलबाजारात गेले. तेरडा आणि आघाडा आणायचाच होता. पहाटेच्या त्या गल्ल्यांत फुलांचे ढीग माणसाच्या उंचीचे असतात, आणि आपण गावी जे ओंजळीने मोजतो ते इथे पोत्याने ओततात. झेंडू, शेवंती, गुलछडी. तेरड्याच्या जुड्या सुतळीने बांधून हारीने ठेवलेल्या. माझ्या परसात जो तेरडा मी उपटून गुरांना घालते तो विकत घेताना मला फार मजा वाटली. सोबत आघाडा, दूर्वा, हळदीची पानं असा सगळा संसार मांडलेला.

एका फूलवाल्याला मी विचारलं, तिळवण आहे का.

"कोणती?"

मी वर्णन केलं. पिवळी, चिकट, वास येतो.

"मावशी," तो म्हणाला, "फूल पायजे का तण पायजे? तण पायजे तर तिकडे गटाराच्या कडंला बघा, फुकट हाय."

बाजूचे दोघं हसले. मला राग यायला हवा होता, पण खरंच मी दोन पावलं तिकडे वळून बघितलं. विकतची चालणार नाही, दुसऱ्याच्या दारची चालणार नाही, हे मला पाठ होतं. तरी बघितलं. तिथे चिखल आणि कुजलेल्या पाकळ्या होत्या. मी तेरडा काखेला मारून परळपर्यंत चालत आले. वाटेत एका हॉटेलात बसून मिसळ खाल्ली. आमच्याकडे बाई एकटी हॉटेलात बसली तर चार घरी चर्चा होते; इथे पोऱ्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, फक्त पाव आणखी हवा का विचारलं. मुंबईतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी ही सांगते आणि लोकांना वाटतं मी चेष्टा करते आहे.

परतले तर वहिनी कठड्याशी. "काय नाय," ती म्हणाली. पानं जरा फिक्कट पडली होती, खालची दोन गळली होती. मी म्हटलं, हे चांगलं लक्षण आहे. आतून मात्र मीही धास्तावले होते.

कफ परेड

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, हिराबायला भेटून येऊ. गौरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो, त्याचे खेकडे सांगायचे होते. आणि खत आणू नको हेही सांगायचं होतं, तिला वाईट न वाटता.

बसने गेलो. एका बाजूला मान दुखेल इतक्या उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी, समुद्राला चिकटून, हे मच्छीमार नगर. पाऊस उघडला होता. होड्या ओढून वर घेतलेल्या, बायका जाळ्याशी बसलेल्या, बांबूला ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड घालून लटकलेले. वास मला घरचाच वाटला. हिराबायने आम्हाला पाटावर बसवलं आणि विचारायच्या आत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे केली. आमच्या जवळ्यात खोबरं जास्त, तिच्यात लसूण. दोन्ही बायकांनी आपापलीच चांगली असं ठरवलं आणि मी दोघींनाही हो म्हणत खाल्लं.

वहिनीने खताचं सांगितलं. हिराबायने कपाळावर हात मारला.

"अगो, मीच मारलंय का तुजं झाड?"

"मेलेला नाय गो. जाडा झालाहा."

मग हिराबायला काही आठवलं. तिने आम्हाला घरामागे नेलं. फुटक्या होडीच्या बाजूला, दगडमातीचा भराव टाकला होता तिथे, खाऱ्या वाऱ्यात, वीतभर उंचीची तिळवण पसरलेली होती. पानं चार, फुलं मूठभर. एकेक काडी पिवळी झालेली. अंगावर कुणी पाणी घातलं नव्हतं की माती. मी अशी तिळवण गावीसुद्धा पाहिली नव्हती.

"ने ना गो," हिराबाय म्हणाली. "ही घे, मुळासकट घे. डब्यात लाव. कोन बघतंय?"

मी वहिनीकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी ती हो म्हणाली असती तर मी गावी जाऊन काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. वहिनी वाकली, एका फुलाला बोट लावलं आणि उभी राहिली.

"तुझ्या दारातली ती तुझी," ती म्हणाली. "माझ्या दारात नाय फुलली तर वन्संच्या पिशवीत मुखवटो मीच घालून देतलंय. पण दुसऱ्याचा फूल दाखवून घर माझा असा म्हणूचा नाय माका."

हिराबायने तिचा हात धरला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. परतताना बसमध्ये मी खिडकीतून बघत होते आणि मला सारखं वाटत होतं की हिच्या बाजूने कौल पडला नाही तर दादाला तोंड दाखवायला मला जमणार नाही. पंच म्हणून गेलेली बाई आता उघडउघड एका बाजूची झाली होती.

परळ, गौरीच्या आदल्या दिवशी

मी कठड्यावरून वाकून खाली कुणाला तरी हाक मारत होते. वाकले म्हणून दिसलं. तिन्ही झाडांपैकी कडेच्या झाडाची एक फांदी कठड्याच्या गजांतून बाहेर गेली होती, खाली रस्त्याच्या बाजूला, जिथे वहिनीची चिमटी कधी पोचलीच नव्हती. तिच्या टोकाला कळ्या होत्या. हिरव्या नाही, पिवळ्या पडलेल्या. एक तर उद्याच उघडेल अशी.

जिला हाक मारायची होती तिचं नाव मी विसरले. "वहिनी," एवढंच म्हटलं. ती आली, वाकली, आणि भाऊही आला, आणि शेवंताबाई, आणि थोड्याच वेळात एवढी माणसं कठड्याला वाकून त्या फांदीकडे बघायला लागली की खालून जाणाऱ्या एकाने विचारलं, कोण पडलं का.

आता नवीनच अडचण उभी राहिली. पंचांगाप्रमाणे गौर दुपारनंतर आणायची वेळ चांगली होती. आणि तिळवणीचं फूल सकाळी उघडतं, ऊन चढलं की मिटतं. गावी झाडावर फुलं इतकी असतात की हा प्रश्न कधी पडला नाही. भाऊ माझ्याकडे बघत होता, कारण वेळ दादा ठरवतो आणि दादाच्या वतीने मी होते.

वहिनी म्हणाली, "फूल उमलला काय गौर आणूची. तोच मुहूर्त."

मी म्हटलं, "तोच."

गौरीची सकाळ

फूल उमललं. एकच, आणि त्याच्या खाली दुसरं अर्धं. मी ती फांदी कापली नाही, वहिनीच्या हातून कापवली. तेरड्याच्या पेंडीत खोवली, मुखवटा लावला, आणि पाणवठ्यावर गेले. गावी विहीर असते. इथे मजल्याच्या टोकाचा सार्वजनिक नळ. तिथे गौरीला पाणी दाखवलं, हळदकुंकू लावलं आणि मी तिला हातात घेऊन वळले.

आमच्याकडे गौर आली की तिला सगळं घर फिरवून दाखवतात. ही चूल, हे भाताचं कोठार, हा गोठा, हे नांगर ठेवायचं पडवीतलं ठिकाण. घरधनीण पुढे चालते, दाखवते, आणि गौर घेतलेली माहेरवाशीण प्रत्येक ठिकाणी थांबते. गावच्या घरात याला बराच वेळ लागतो आणि दादाला त्याचा फार अभिमान आहे. मी नळापासून निघाले तेव्हा मनात हाच विचार होता, की वहिनीची खोली एका गिरकीत दाखवून होईल.

पण वहिनी तिच्या खोलीकडे निघालीच नाही. नळाला लागून जी पहिली खोली होती तिचं दार सताड उघडं होतं, उंबऱ्यावर रांगोळीची पावलं काढलेली, आणि आत त्या घरची बाई हातात निरांजन घेऊन उभी. वहिनी तिथे थांबली आणि म्हणाली, "गौरी, ही तुझी चूल." मी आत गेले. त्यांच्या स्टोव्हवर दूध तापत होतं. पुढच्या दारी, "हा तुझा कोठार," आणि तिथे रेशनच्या तांदळाची गोणी, तिला कुंकू लावलेलं. त्याच्या पुढे शेवंताबाई. त्यांची स्वतःची गौर साडी नेसून उभी होती, तिच्यापुढे आमची पेंडी टेकवली तेव्हा शेवंताबाईंनी दोघींना ओवाळलं आणि म्हणाल्या, "भैनी भैनी भेटल्या." पावलं पुढे जातच होती. अख्ख्या मजल्यावर एकही दार बंद नव्हतं. कुठे आजारी म्हातारा उठून बसला, कुठे खानावळीतला एक कुटुंब नसलेला कामगार अंगात धुतलेला सदरा घालून उभा, कारण त्याच्या खोलीत ओवाळायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने हात जोडले, आणि वहिनीने त्याचीही खोली दाखवली, "ही तुझी पडवी."

शेवटी वहिनीची खोली. आत भाऊ उभा होता. भिंतीवर त्याचा मागावरचा, आडवं सूत नेणारा लाकडी धोटा खिळ्याला टांगलेला, गिरणी सुटली तेव्हा बरोबर आलेला. त्याला हळदकुंकू लावलं होतं. वहिनी त्या धोट्यासमोर थांबली.

"आणि हो आमचो नांगर," ती म्हणाली.

भावाने मान खाली घातली. मी गौर धरून उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवलं नाही, लपवायला हातही मोकळे नव्हते. गौर बसली तेव्हा ऊन चढलं होतं. फूल मिटलं होतं, पण ते उघडं असताना मी पाहिलं होतं, आणि साऱ्या मजल्याने पाहिलं होतं. दुपारी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी हिराबायचे खेकडे आले, एवढे की सगळ्या मजल्यावर वाटले.

परत

येताना गाडी पुन्हा रिकामीच, कारण आता सगळी मुंबई परतत होती आणि मी पुन्हा उलटी. माहेरी पोचले तेव्हा दादा पडवीत सुपारी कातरत बसला होता. त्याने आधी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"मुखवटो?"

"थंयच."

"फुलली?"

"फुलली. तिच्याच दारात. मी बघितलंय."

त्याने मान हलवली. शब्दाचा पक्का माणूस. विषय तिथे संपवायची त्याची तयारी दिसली. सुपारीचं एक खांड माझ्यापुढे केलं. पण त्याला राहवेना.

"घर केवढा असा पण?" त्याने विचारलं. "गौर दाखवूक कितको वेळ लागलो?"

"हंय लागता त्याच्या दुप्पट," मी म्हटलं.

अडकित्ता थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी थट्टा करते आहे का ते शोधत. मग मी त्याला सांगितलं, नळापासून सुरुवात करून, एकेक दार, कुठलंही न गाळता. धोट्यापाशी आले तेव्हा तो उठून पडवीच्या टोकाला गेला आणि तिथे टेकवून ठेवलेल्या नांगराजवळ पाठमोरा उभा राहिला. भाऊ पहिल्यांदा मुंबईला निघाला तेव्हा त्याच्या हातातून हाच नांगर दादाने घेतला होता.

तिथूनच तो म्हणाला, "फुडल्या वर्साक हंय गौर कोण आणतली?"

"तुमच्या सुनेक शिकवा," मी म्हटलं. "मी परळाक जातलंय."